काटा आपोआप खाली आला? आधी इंजिन बंद करा! जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांनो, या चुका टाळा

"काका, टेंपरेचरचा काटा वर गेला होता, पण नंतर आपला आपणच खाली आला की." हे वाक्य ऐकलं की मी हातातला पाना खाली ठेवतो. पुढची गोष्ट मला पाठ आहे, कारण ती माझ्याच गाडीवर घडलीय.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. १९९८ साली आलेली, गोव्यात बनलेली दोन सीटची गाडी. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन. ताकद म्हणाल तर ६० हॉर्सपॉवर, पण टप उघडून आमच्या बेळगावजवळच्या जांबोटीच्या रस्त्याला लागलं की आकडे कोण विचारतोय! दोन वर्षांपूर्वी भाचा ती घेऊन गोव्यातल्या साखळीला गेला. परतताना मे महिन्यातली भर दुपार, केरीहून चोर्ला घाटाची चढण, पुढे लोड भरलेला ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. काटा चढायला लागला तसा त्याचा फोन आला. "आहेस तिथं थांब," म्हटलं. तेवढ्यात रेंज गेली आणि साहेबांनी ठरवलं, कणकुंबीला चहाला थांबू. वर पोचता पोचता काटा झपकन तळाला आला. गार झाली म्हणून खुशीत त्यानं आणखी चार किलोमीटर रेटली.

टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं बोलतो. पाणी निघून गेलं की तो नुसता हवेत लटकतो आणि काटा खाली पडतो. आत मात्र हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, भाजत असतं. काटा हळूहळू उतरला तर ठीक. झपकन पडला तर त्याच क्षणी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. भाच्यानं उलट केलं, गाडी थांबवून लगेच ओढ्याचं गार पाणी ओतलं. हेड ॲल्युमिनियमचं, त्याखालचा ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. दोघांच्या ओढाताणीत मधली सील, म्हणजे गॅस्केट, आधीच जेरीला आलेली असते, त्यात हा गार पाण्याचा दणका.

खरा संताप पुढे. टोचन करून गाडी एका गॅरेजात गेली. (कुठलं ते विचारू नका.) "संध्याकाळी घेऊन जावा," असं त्यांनी सांगितलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. हेड उघडलं, नवी गॅस्केट टाकली, जुनेच बोल्ट आवळले, झालं. तीन आठवड्यांनी निपाणीजवळ तवंदी घाटात पाणी परत बुडबुडायला लागलं.

या वेळी हेड मी स्वतः उघडलं. ते वाकलंय का बघायला सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवलं, तर दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधे ०.१५ मिलिमीटरचं पातं आरामात आत गेलं. मी ०.०५ च्या वर काही खपवून घेत नाही. उद्यमबागेत नेऊन फेसिंग, म्हणजे हेड मशीनवर सपाट, करून घेतलं. बोल्ट नवे घेतले, कारण हे बोल्ट एकदा ताणले की तसे धरत नाहीत. बोल्टच्या भोकांत साठलेलं ऑईल-पाणी कापडानं टिपून काढलं. ते तसंच ठेवून बोल्ट आवळला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. मग टॉर्क रेंच (मोजून आवळायचा पाना) घेऊन मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं. "माझा हातच टॉर्क रेंच आहे" म्हणणाऱ्यांना मी नमस्कार करतो आणि गाडी परत आणतो. ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून हेड घासणाऱ्यांना तर नमस्कारही नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकणं. "गाडी थंड राहते" म्हणे! इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ रोग तसाच.

बोअरचं पाणी. क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. मी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं घालतो.

गळती थांबावी म्हणून रेडिएटरात हळद. लोणच्यात घाला.

झाकणाचं रबर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, इथं उघडं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. झाकणानं दाब धरला तरच कूलंट ११०च्या पुढे टिकतं. रबर कडक झालं की झाकण बदला, किमतीवरून घासाघीस नको.

फायबर बॉडीवाल्यांसाठी खास: फायबरमधून वीज जात नाही, म्हणून बॉडीतून अर्थ मिळत नाही. फॅन कधी फिरतो, कधी नाही, काटा नाचतो, असं असेल तर आधी अर्थची वायर घासून साफ करा. निम्म्या वेळा रोग तिथंच निघतो.

कूलंट भरल्यावर हवा काढणं. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर असला तर पूर्ण उघडा, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा. नवशिके पाचव्या मिनिटाला झाकण लावून मोकळे होतात.

आणि पावसाळ्यात ऑईलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली म्हणून, गॅस्केट गेली समजून, लगेच हेड उघडू नका. घर ते मार्केट एवढीच फिरणारी गाडी असली की आत ओल धरते. पुसा, खानापूरपर्यंत एक चक्कर मारा, परत बघा. डिपस्टिकवरही दुधाळ दिसलं, तर मात्र चावी फिरवू नका. टोचन बोलवा.