कॅटामरान रुंद असली म्हणजे झालं?

कॅटामरान, म्हणजे दोन हल (पाण्यावर तरंगणारे लांबट भाग) शेजारी-शेजारी जोडलेली शिडाची होडी, शिकायला लागलो तेव्हा माझी पक्की समजूत होती, की दोन हलांमधलं अंतर जितकं जास्त तितकी होडी भक्कम, आणि वेगवानसुद्धा. नवीन येणारे बहुतेक जण हेच धरून चालतात, म्हणून लिहितो आहे.

आधी वही काढून हिशेब करा. होडी आणि दोघं जण मिळून ३०० किलो, सगळं वजन मधोमध आणि हलांच्या मध्यरेषांमध्ये २ मीटर अंतर धरा. वाऱ्याकडचा हल पाण्यातून नुकता सुटतो, तेव्हा सगळा भार दुसऱ्या हलावर येतो आणि वजनाचा मध्य त्याच्यापासून १ मीटरवर असतो. होडीला पालथी होऊ न देणारी ताकद झाली ३०० किलो गुणिले १ मीटर, म्हणजे ३००. अंतर अडीच मीटर केलं तर ३७५. पंचवीस टक्के वाढ! पण शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा १६ नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) १८ वर गेला, की ही सगळी कमाई संपली. शिवाय हल उचलला जातो तेव्हाच ही ताकद सर्वांत जास्त असते. त्यापुढे होडी कलत जाईल तशी ती कमीच होते. त्यामुळे शीड लगेच ढिलं करता यावं म्हणून शिडाची दोरी कायम हातात ठेवायची , कुठे बांधून ठेवायची नाही.

वेग मुळात येतो तो हल सडपातळ असल्यामुळे, कारण ते पाणी कमी ढवळतात. रुंदीमुळे जास्त शीड पेलता येतं, एवढाच तिचा वाटा. हल फार जवळ असले तर दोघांच्या लाटा मध्ये एकमेकींवर आदळतात, हेही खरं. पण रुंदी वाढवली की आडवे बीम लांब आणि जड होतात, होडी वळायला वेळ घेते, आणि मंद वाऱ्यात हाती काहीच लागत नाही.

खरा धडा मला पाण्यात मिळाला. जोराच्या वाऱ्यात आम्ही होडी वाऱ्यापासून दूर वळवली आणि मी पुढेच बसून राहिलो. वाऱ्याआडच्या (वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या) हलाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आधी ओली झाली, मग हिरवं पाणी तिच्यावरून बीमपर्यंत चढलं. होडी एकदम थबकली, मागची सुकाणू हवेत गेली आणि आम्ही नाळेवरून कोलांटी खाल्ली. रुंद होडी आडवी पडत नाही, म्हणून सगळा जोर पुढे लोटतो. तो पेलायला लांबी हवी. १९७६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये असलेली टॉर्नेडो ही कॅटामरान ६.१ मीटर लांब आणि सुमारे ३ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ निम्मी. एकट्याने चालवायची ए-क्लास ५.४९ मीटर लांबीला २.३ मीटरच रुंद.

आता वारा वाढला की मी आधी मागे सरकतो, मग होडी वळवतो. नजर शिडावर नसते, वाऱ्याआडच्या नाळेवर असते.