दगडातला चोर

महिन्याभरात माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतले दोन गोबी मासे गायब झाले, झोआंथिड (फुलांसारखे दिसणारे, प्रवाळांच्या नात्यातले जीव) कुरतडलेले दिसू लागले. आधी आळ बिचाऱ्या खेकड्यावर घेतला. मग रात्री दीडला लाल उजेडाची बॅटरी घेऊन बसलो. पांढऱ्या उजेडात असा चोर क्षणात आत पळतो. लाइव्ह रॉकच्या (टाकीतल्या, जीवजंतूंनी भरलेल्या सच्छिद्र दगडाच्या) भोकातून डोकं आलं, पाच पट्टेदार मिशा. युनिस! बॉबिट वर्म या शिकारी समुद्री किड्याच्या कुळातला. साधा ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री किडा) असता तर राहू दिला असता, तो बापडा उरलंसुरलं खाऊन सफाईच करतो.

चिमट्याने ओढला नाही. तुटला तर आतला तुकडा पुन्हा वाढू शकतो. अख्खा दगड बादलीत काढला, सिरिंजने भोकात साधं सोडा वॉटर मारलं. दोनच मिनिटांत फूटभर लांब, इंद्रधनुषी धूड वळवळत बाहेर! दगड खाऱ्या पाण्यात खंगाळून परत टाकीत. बादली मात्र बायकोने कायमची मलाच देऊन टाकली.