नव्या तलावाची गळती सापडली

अलिबागजवळच्या आमच्या घरी पोहण्याचा तलाव बांधून जेमतेम महिना झाला आणि पाणी रोज दोन बोटं उतरायला लागलं. ठेकेदार म्हणाला, उन्हाने आटतंय. मनाला पटेना. पंप बंद करून पायरीवर बादली ठेवली, आतलं पाणी तलावाच्या पातळीइतकं भरलं. चोवीस तासांनी बादलीत अर्धा सेंटिमीटर कमी, तलावात तीन. गळतीच! मग पाणी उतरू दिलं. ते तलावाच्या भिंतीतल्या विजेच्या दिव्याच्या खोबणीपाशी येऊन थांबलं. पुन्हा भरून, वीज मेनवरून बंद करून तिथे शाईचे दोन थेंब सोडले. निळी रेघ हलकेच वळली आणि वायरच्या पाइपात ओढली गेली. पाइपाचं तोंड बुजवायचंच राहिलं होतं! पाण्यातही घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी दाबून बसवली. आता बादलीत आणि तलावात सारखंच घटतं.