ईडेलच्या पायवाटांवर या चुका टाळा

मँचेस्टर आणि शेफील्ड यांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावर, डर्बीशायरमध्ये, ईडेल हे लहानसे गाव आहे. गावाच्या उत्तरेला किंडर स्काउटचे विस्तीर्ण पठार आहे आणि दक्षिणेला मॅम टॉरपासून लूज हिलपर्यंत गेलेली लांब डोंगरधार आहे. १९६५ मध्ये खुली झालेली, स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी २६८ मैलांची पेनाइन वे ही पायवाटही याच गावातून सुरू होते. इंग्लंडमध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या आणि सह्याद्रीत चालण्याची सवय असलेल्या मराठी मंडळींना हा परिसर मनापासून आवडतो. तरीही त्यांच्या हातून इथे काही ठरावीक चुका होतात. त्यांतील बहुतेक चुका नकाशा, ऋतू आणि वाटेचे नियम नीट न वाचल्यामुळे होतात.

उंचीचा आकडा पाहून निर्धास्त होणे

किंडर स्काउटची उंची ६३६ मीटर आणि मॅम टॉरची ५१७ मीटर आहे. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर जाऊन आलेल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. पण हा प्रदेश ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. गावात स्वच्छ ऊन असताना पठारावर ढग उतरलेला असू शकतो, आणि ओल्या कपड्यांवर बोचरा वारा लागला की उन्हाळ्यातही अंग झपाट्याने गार पडते. जीन्स आणि सुती टीशर्ट इथे घालू नयेत, कारण भिजलेले सुती कापड लवकर वाळत नाही. जलरोधक जाकीट, एक जास्तीचा उबदार थर आणि घोट्याला आधार देणारे बूट जुलैमध्येही सोबत असावेत.

वेळेचा अंदाजही याच कारणाने चुकतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला नियम आजही उपयोगी आहे: दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढाईसाठी आणखी एक तास मिळवावा. म्हणजे १५ किलोमीटर चाल आणि ४५० मीटर चढ असेल, तर न थांबता पावणेचार तास लागतात. डबा, छायाचित्रे, चिखल आणि बरोबरची मुले धरून हा हिशेब निदान दीडपट करावा, असे माझे मत आहे. डिसेंबरात इथे चारच्या आधीच सूर्य मावळतो. दुपारी बाराला निघालेला गट परतीच्या उतारावर अंधारात सापडतो तो याचमुळे, आणि म्हणून हेडटॉर्च वर्षभर पिशवीत असलेला बरा.

दिसेल ती वाट आपली समजणे

ही चूक सर्वांत जास्त होते आणि तिच्यामागे मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधील बहुतेक ग्रामीण जमीन खासगी मालकीची आहे, पण तिच्यातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेवर चालण्याचा प्रत्येकाला कायदेशीर हक्क आहे. वाट एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणातून गेली, तरी तो हक्क कायम राहतो. उलट, पायाखाली ठळकपणे मळलेली वाट केवळ मेंढ्यांची किंवा शेतावरच्या वाहनाची असू शकते. त्यामुळे डोळ्यांना काय दिसते यापेक्षा नकाशा काय सांगतो याला इथे अधिक वजन आहे.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या एक्सप्लोरर मालिकेतला ओएल१ क्रमांकाचा नकाशा ईडेलसाठी घ्यावा. त्यावर सार्वजनिक हक्काच्या वाटा तुटक हिरव्या रेषांनी दाखवलेल्या असतात. शेतांच्या भिंती आणि कुंपणेही त्यावर दिसतात, म्हणून वाट भिंतीच्या डाव्या अंगाने जाते की उजव्या, हे आधीच कळते. काळ्या तुटक रेषेची वाट जमिनीवर असते, पण तिच्यावर चालण्याचा हक्क असेलच असे नाही. प्रत्यक्ष वाटेवर खांबांवर बाण असतात: पिवळा बाण फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, तर निळा बाण घोडेस्वार आणि सायकलस्वार यांनाही मुभा असलेल्या वाटेसाठी. पेनाइन वेवर ओकच्या फळाचे चिन्ह असते. पाट्यांवरची गावांची नावेही पूर्ण वाचावीत. या खोऱ्यात अपर बूथ, बार्बर बूथ, ओलरब्रूक बूथ आणि नेदर बूथ अशा वेगवेगळ्या वस्त्या आहेत, आणि घाईत एकीच्या जागी दुसरी धरली की माणूस खोऱ्याच्या उलट टोकाला पोहोचतो.

बाण दिसेनासे झाले, तर अंदाजाने पुढे न जाता शेवटच्या ओळखीच्या खांबापर्यंत मागे यावे. भिंत ओलांडून वाट सोपी करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. इथल्या दगडी भिंती चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड रचून उभ्या केलेल्या असतात; चढणाऱ्याच्या वजनाने वरचे दगड निखळतात आणि त्या खिंडारातून मेंढ्या बाहेर पडतात. ओलांडण्यासाठी पायऱ्या किंवा फाटक थोड्या अंतरावर असतेच.

पठारावर मात्र नियम वेगळा आहे. तिथे वाट सोडूनही पायी हिंडता येते आणि नकाशावर असा भाग फिकट पिवळ्या छटेत दाखवलेला असतो. ही मोकळीक सहज मिळालेली नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकाराने शेकडो तरुण कामगार जमीनमालकांची बंदी मोडून किंडरवर चढले आणि त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, आणि मोकळ्या डोंगराळ जमिनीवर चालण्याचा हक्क २००० च्या कायद्याने दिला. त्या हक्कात तंबू ठोकणे किंवा शेकोटी पेटवणे येत नाही. कोरड्या दिवसांत साध्या बार्बेक्यूच्या ठिणगीनेही इथली जमीन पेटते आणि आग आत धुमसत राहते, म्हणून याबाबतीत कसलीच सवलत घेऊ नये.

पठारावर ढगात सापडल्यावर चालत राहणे

किंडरचा माथा टोकदार नाही. वर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, ओली माती पसरली आहे, आणि पाण्याने तिच्यात माणूस दिसेनासा होईल इतक्या खोल, वेड्यावाकड्या घळी कोरल्या आहेत. ढग उतरल्यावर अशा घळीतून चालणारा माणूस सरळ जात असल्याच्या समजुतीत दिशा बदलत राहतो. अशा वेळी थांबावे, जास्तीचा थर चढवावा, होकायंत्रावर दक्षिण दिशा धरावी आणि कड्याच्या कडेने जाणारी मळलेली वाट लागेपर्यंत सावकाश चालावे. कडा लागल्यावर तिथूनच खाली उतरू नये. वाटेने पश्चिमेकडे वळून जेकब्ज लॅडर गाठावी. तिथे बांधून काढलेल्या दगडी पायऱ्या आहेत. ग्रिंड्सब्रूकची घळ गावाला जवळ असली, तरी तिच्या वरच्या भागात मोठमोठ्या धोंड्यांवरून हात टेकत उतरावे लागते आणि ओल्या दगडावर पाय घसरतो.

फोनवरचा नकाशा घरूनच उतरवून ठेवावा. खोऱ्यात रेंज अनेकदा नसते आणि थंडीत बॅटरी लवकर संपते, त्यामुळे कागदी नकाशा आणि होकायंत्र यांना पर्याय नाही.

गुरांच्या मधून जाणे

वासरे सोबत असलेल्या गाईंच्या कळपामधून कधीही जाऊ नये. धोका वाटल्यास वाट सोडून लांबून वळसा घालावा, पळू नये. कुत्रा बरोबर असेल आणि गाई अंगावर आल्या, तर त्याला मोकळे सोडावे. तो निसटतो आणि आपल्यावरचा रोखही टळतो. पठारावर १ मार्च ते ३१ जुलै या काळात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी, कुत्र्याला दोन मीटरपर्यंतच्या पट्ट्याने बांधूनच न्यावे लागते. फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंदच ठेवावे.

मदत चुकीच्या पद्धतीने मागणे

कोणी जखमी झाले, तर ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून आधी पोलीस आणि मग 'माउंटन रेस्क्यू' मागावे. थेट रुग्णवाहिका मागितल्यास ती रस्त्यावरच्या अपघातासाठी निघते आणि वेळ जातो. डोंगरावर येणारी पथके स्वयंसेवकांची असतात. त्यांना आपली जागा नकाशावरच्या ग्रिडच्या, म्हणजे आडव्या-उभ्या रेषांच्या चौकटीच्या, आकड्यांत सांगावी. हे आकडे ओएस लोकेट हे ॲप रेंज नसतानाही दाखवते. बोलण्याइतकी रेंज नसली, तरी संदेश जाऊ शकतो, पण त्यासाठी 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ वर पाठवण्याची नोंदणी घरूनच केलेली असावी लागते. फोन बंद पडल्यास एका मिनिटात शिटीचे सहा आवाज काढून मिनिटभर थांबावे आणि कोणी येऊन पोहोचेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. उत्तरादाखल तीन शिट्या ऐकू आल्या, तरी थांबू नये.