जंक्शन बॉक्स उघडण्याआधी

वायर मधोमध सहसा बिघडत नाही, बिघडतो तो जोड. सैल जोडाचा रोध समजा 0.1 ओहम आहे आणि त्यातून 16 अँपिअर प्रवाह चालला आहे, तर त्या चिमुकल्या जागेत 25 वॉटहून जास्त उष्णता तयार होते. भिंतीत, जंक्शन बॉक्समध्ये म्हणजे वायरींचे जोड ठेवायच्या बंद डबीत, तासन् तास. अशा वेळी एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाल्यावर आपोआप पडणारा स्विच, पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. करंटची गळती ओळखणाऱ्या आरसीसीबीलाही काही कळत नाही, कारण कुठे गळती नसते. म्हणजे जोड कच्चा राहिला तर त्याची खबर देणारं घरात कुणीच नसतं. म्हणूनच पुढे दिलेली तयारी पूर्ण झाल्याशिवाय बॉक्सच्या झाकणाला हात लावू नये, असं मला कळकळीने वाटतं. काम लायसन्सधारक वायरमनकडे असलं तरी ही यादी आपल्या हाती असावी. नियमानुसार ज्या कामाला तोच लागतो, ते त्यालाच द्यावं.

पहिलं काम सप्लाय बंद करण्याचं, आणि इथे घाई अजिबात नको. एका सर्किटची एमसीबी पाडून भागत नाही. एकाच बॉक्समध्ये दोन सर्किटच्या वायर येतात, कधी न्यूट्रलही दुसऱ्याच सर्किटमधून घेतलेला असतो. तसा न्यूट्रल उघडला तर त्याच्यावरही करंट मिळू शकतो. म्हणून मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर त्याचाही सप्लाय तोडा, कारण मेन गेल्यावर इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि वायर पुन्हा जिवंत होते. मेन कुणी चालू करू नये म्हणून त्याला कुलूप लावा, निदान चिठ्ठी तरी चिकटवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मग तपासणी. व्होल्टेज मोजायचा मीटर आधी सप्लाय नक्की चालू आहे अशा जागी लावून बघा, नंतर बॉक्समध्ये फेज–न्यूट्रल, फेज–अर्थ आणि न्यूट्रल–अर्थ असं बघा, आणि शेवटी पुन्हा चालू जागी लावून मीटर शाबूत असल्याची खात्री करा. निऑन टेस्टर पेटला नाही, एवढ्यावर जीव सोपवू नये. तपासायला चालू जागा हवी आणि मेन तर बंद, तेव्हा वेगळ्या चालू जागेची सोय आधीच करून ठेवावी लागते.

हत्यारं थोडीच लागतात: इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर, वायर स्ट्रिपर, कटर, मीटर, बॅटरीवरचा दिवा. स्ट्रिपरऐवजी ब्लेड वापरायचा मोह टाळा. ब्लेडने तांब्यावर चीर पडते आणि वायर वाकवताना तिथेच तुटते.

कनेक्टर, म्हणजे वायरींची टोकं एकत्र पकडणारा छोटा तुकडा, निवडताना त्याच्यावर छापलेले आकडे वाचा: किती अँपिअर, किती जाडीची वायर, एकेरी तार चालते की बहुतारी. नुसती वायर ढकलून बसवायचे कनेक्टर सहसा एकेरी तारेसाठी असतात; बारीक तारांच्या लवचिक वायरला लिव्हरचे बरे. स्क्रूच्या पट्टी कनेक्टरमध्ये बहुतारी वायर घालायची असेल तर टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवा (क्रिम्प करा). तिथे सोल्डर लावू नये, दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल पडतो. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं तर त्यासाठीच बनवलेला कनेक्टर हवा, कारण दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळे प्रसरण पावतात आणि ओल लागली की जोड गंजतो. वायरी पिळून टेप गुंडाळणं मी जोड मानत नाही. टेप फक्त झाकते, पकडत नाही, आणि उष्णतेने तिचा गोंद सुटतो.

बॉक्स जरा मोठाच घ्यावा. झाकण दाबून बसवावं लागलं तर आतले जोड ताणले जातात. जिथे ओल किंवा धूळ येते तिथे आयपी 65 सारखा, म्हणजे धूळ आणि पाणी आत न येऊ देणारा बॉक्स आणि वायर शिरते त्या भोकाला ग्लँड, म्हणजे वायरभोवती घट्ट बसणारं बूच. धातूचा बॉक्स असेल तर त्याला अर्थिंग द्यायलाच हवं. आणि बॉक्स प्लास्टरखाली गाडू नका, पुढे तो उघडता आला पाहिजे.

काहीही सोडवण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक वायरला खुणेची चिठ्ठी लावा. जुन्या घरात रंगावर भरवसा नको. इन्सुलेशन कनेक्टरवर दिलेल्या मापाइतकंच सोला. जास्त सोललं तर तांबं बाहेर उघडं राहतं, कमी सोललं तर पकड इन्सुलेशनवर बसते. जोडल्यावर एकेक वायर वेगळी धरून ओढून बघा. निघाली तर आत्ताच निघालेली बरी.

झाकण लावून सप्लाय दिल्यावर त्या सर्किटवर नेहमीचं जड उपकरण अर्धा तास चालवा. जळका वास, चरचर किंवा दिव्याची लुकलुक जाणवली तर लगेच मेन बंद. झाकण कोमट लागलं तरीही सप्लाय तोडून आत बघा. कनेक्टर तपकिरी पडला असेल तर तो फेकून द्या आणि वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. मग वायर अपुरी पडली तर ताणून जोडू नका, तेवढा तुकडा नवीन ओढा.