हेल्पडेस्कला एसएसओ लावताना या चुका टाळा, नाहीतर ॲडमिनच दाराबाहेर

वाळूजला आमच्या कंपनीत शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून मी हेल्पडेस्कचं (तक्रारीची तिकिटं टाकायचं सॉफ्टवेअर) एसएसओ, म्हणजे कंपनीच्या एकाच लॉगिनने आत जायची सोय, गुरुवारी संध्याकाळी चालू करायला घेतलं, म्हणलं बिघडलंच तर उद्याचा अख्खा दिवस हाताशी आहे. सगळी सेटिंग भरली, टेस्ट बटण दाबलं, हिरवी टिक आली, आन् त्याच दमात 'पासवर्ड लॉगिन बंद' वर पण टिक मारली. लॉगआउट केलं आणि परत आत जाता येईना. ॲडमिन मीच, आता तिकीट टाकू कुठं? व्हेंडरला मेल टाकून बसलो, शनिवारी पहिल्या शिफ्टपासून सुपरवायझरचे फोनवर फोन यायले, साहेब तिकीट टाकताच येईना म्हणून.

तर पासवर्ड बंद करायचं काम सगळ्यात शेवटी, आठ-दहा दिवस लोकं नीट लॉगिन होऊ द्या मग. तेव्हा पण एक ॲडमिन खातं पासवर्ड आणि ओटीपीवर ठेवाच. आणि त्या हिरव्या टिकेवर जाऊ नका, तुम्ही आधीच लॉगिन असता म्हणून ती येऊ शकते. एका ब्राउझरमध्ये ॲडमिन चालू ठेवायचं आणि इन्कॉग्निटोमध्ये दुसऱ्याच कोणाच्या तरी आयडीने ट्राय करायचं, तो साधा युजर असला तर अजून बरं.

आता एरर. लॉगिनसाठी एन्ट्रा (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सेवा) असेल आणि ५००११ नंबर आला तर रिप्लाय यूआरएल, म्हणजे लॉगिन झाल्यावर माणसाला परत जिथं पाठवायचं तो पत्ता, जुळत नाहीये. तिथं अक्षर न् अक्षर सारखं लागतं, शेवटचा एक स्लॅश कमी-जास्त झाला तरी अडतं, आणि हेल्पडेस्कला स्वतःचं डोमेन लावलं असेल तर एकीकडं नवा पत्ता आणि दुसरीकडं व्हेंडरचा जुना, हे तर हमखास होतं. ५०१०५ आला तर सेटिंग ठीक आहे, फक्त त्या माणसाला ॲप असाइन करायचं राहिलंय. गूगल वर्कस्पेसमध्ये ४०३ सोबत 'ॲप नॉट एनेबल्ड फॉर युजर' आलं तर त्या माणसाच्या ग्रुपसाठी ॲप ऑन आहे का ते आधी बघा, आणि ऑन केल्यावर लगेच चालंना म्हणून सगळं खोडून परत करत बसू नका, गूगलला कधीकधी २४ तास पण लागतात.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ईमेलनं. आमच्या स्टोअरचे काका एसएसओने आत गेले तर समोर कोरं पान, म्हणाले माझी दोन वर्षांची तिकिटं कुठं गेली. गेली कुठंच नव्हती, जुनं खातं त्यांच्या जीमेलवर होतं आणि एसएसओने कंपनीच्या मेलवर दुसरंच उघडून दिलं. एन्ट्रा तर नेमआयडीमध्ये (आत येणारा कोण हे सांगणारी ओळख) बाय डिफॉल्ट युजर प्रिन्सिपल नेम, म्हणजे लॉगिनचं नाव, पाठवतं, ते आणि खरा मेल एकच असेल असं नाही. चालू करायच्या आधी दोन्हीकडची यादी एक्सेलमध्ये शेजारी शेजारी लावून बघा, मी नंतर एकेक खातं मर्ज करत बसलो. आणि नवीन खातं आपोआप उघडणार असेल तर त्याचा रोल एजंट (तिकिटं सोडवणारा) नाही ना तेवढं बघा, लायसनचं बिल वाढतं.

सॅमल (SAML, एसएसओचे लॉगिन मेसेज ज्या पद्धतीने जातात ती) मधल्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत असतात, त्यामुळं साडेपाच तास मागं दिसल्या तर घाबरू नका, बरोबर आहे ते. स्वतःच्या सर्व्हरवर हेल्पडेस्क चालवणाऱ्यांनी मात्र घड्याळ एनटीपीला (नेटवरून वेळ जुळवायची सोय) जोडा. आपल्याकडं लाइट जाऊन येऊन, त्यात सीमॉसचा सेल (घड्याळ चालू ठेवणारी मदरबोर्डवरची बॅटरी) मेलेला, सर्व्हरचं घड्याळ मागं पडलं की सगळ्यांचं लॉगिन एकदम नाकारतं आणि कारण काही कळंना.

लॉगिन मेसेजवर सही करणारं सर्टिफिकेट एन्ट्राचं साधारण ३ वर्षांनी संपतं, गूगलचं ५. एन्ट्राचा आठवणीचा मेल ज्यानं सेट केलं त्यालाच जातो, आणि तो तोवर पुण्याला नोकरीला गेलेला असतो. तिथं टीमचा कॉमन मेल टाका.

नोकरी सोडलेल्या माणसाचं पण तसंच, एसएसओ फक्त दार बंद करतं, हेल्पडेस्कमधलं खातं आणि त्याची एपीआय की (दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आत यायची गुप्त किल्ली) तशीच राहते, स्किम (SCIM, खाती आपोआप उघडायची-बंद करायची सोय) नसेल तर हातानेच काढावं लागतं. आम्ही मार्चमध्ये लायसन मोजली तर तीन जणं असे निघाले की ज्यांचा सेंड ऑफ होऊन वर्ष झालं होतं.