जाम झालेली डार्बी हातकडी अशी सोडवली

ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मला बर्मिंगहॅमच्या हायट कंपनीची डार्बी, म्हणजे जुन्या ब्रिटिश धाटणीची हातकडी मिळाली. किल्ली सोबत होती, पण अर्धा आटा जाऊन अडायची. डार्बीची किल्ली स्क्रूसारखी असते. ती फिरवत गेलं की आतला खटका स्प्रिंगविरुद्ध मागे ओढला जातो आणि कडी सुटते. म्हणजे जोर लावला तर आटे जाणार, आणि ते गेले की हातकडी कायमची मुकी!

किल्लीच्या भोकात रॉकेलचे थेंब सोडून हातकडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी चहासारखं गढूळ पाणी निघालं. टूथपिकने गंजाचा गाळ काढला, शिवणयंत्राचं तेल घातलं आणि पाव आटा पुढे, पाव मागे असं करत किल्ली आत नेली. पॉलिश पेपर मात्र अजिबात लावला नाही, त्याने कंपनीचे कोरलेले शिक्के पुसले जातात.

घालून बघायची घाई करू नका. आधी रिकामीच बंद-उघड करा, दरवेळी सुटतेय याची खात्री होईपर्यंत. डार्बीचं माप ठरलेलं, ती मनगटाप्रमाणे कमी-जास्त होत नाही. माझ्या मनगटाला ती सैल बसली. किल्ली बायकोच्या हातात होती. एकट्याने हे कधीच करू नये.